सागरी सुखाचा शिल्पकार

२२ जानेवारी १८९१. ऐन हिवाळ्याचे दिवस. उत्तर जर्मनीत एल्बे नदीच्या मुखाशी असलेल्या कुक्सहाफेन बंदरातून ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ नावाची आगबोट समुद्रात शिरली. तिच्यावर २४१ उतारू होते आणि त्यांतील एकालाही कोठे पोहोचायचे नव्हते. कोणी अमेरिकेत नशीब काढायला निघाले नव्हते, कोणाचा माल परदेशी जायचा नव्हता, कोणाची नेमणूक दूरच्या वसाहतीत झालेली नव्हती. सुमारे आठ आठवड्यांनी ही सारी मंडळी जिथून निघाली तिथेच परत येणार होती. त्या काळी समुद्रप्रवास म्हणजे एक सोसायची गोष्ट होती. वादळे, उलट्या, शिळे अन्न आणि कोंदट खोल्या यांतून जीव वाचवून पैलतीर गाठायचा, एवढीच सामान्य माणसाची अपेक्षा असे. असा प्रवास कोणी केवळ सुखासाठी, पदरचे पैसे मोडून करील, ही कल्पनाच अनेकांना वेडगळ वाटली होती. ज्याच्या डोक्यातून ती निघाली, तो ३३ वर्षांचा गृहस्थ आपल्या पत्नीसह त्याच जहाजावर होता. त्याचे नाव आल्बर्ट बालीन.

आज मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याकडे निघणाऱ्या क्रूझचे आपल्याला अप्रूप राहिलेले नाही. सिंगापूर, अलास्का किंवा भूमध्य समुद्रातील क्रूझ करून आलेली माणसेही आता शेजारीपाजारी भेटतात. परत आल्यावर त्यांच्या गप्पा कशाच्या असतात? खोली केवढी होती, चादरी रोज बदलत होते की नाही, जेवणात निवड किती होती, सेवक हसून बोलत होता की कपाळाला आठ्या घालून, बंदरावर उतरल्यावर फिरण्याची सोय नीट होती की रांगेतच वेळ गेला. पाहिलेल्या देशापेक्षा मिळालेल्या सेवेचीच चर्चा अधिक. जहाजाची परीक्षा प्रवाशाच्या नजरेने करायची ही रीत ज्यांनी आगबोटीच्या धंद्यात पद्धतशीरपणे रुजवली, त्यांत बालीन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

अर्थात, समुद्रसहलीचा शोधच त्यांनी लावला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १८४४ मध्ये पी अँड ओ कंपनीने भूमध्य समुद्रातील सफरींचा प्रयोग केला होता आणि इंग्रज कादंबरीकार थॅकरे त्या निमित्ताने पूर्वेकडे हिंडून आला होता. १८६७ मध्ये ‘क्वेकर सिटी’ या जहाजातून अमेरिकन सहलकऱ्यांचा जथा युरोप आणि पवित्र भूमीला गेला, त्यात मार्क ट्वेन होता. परंतु हे तुरळक प्रसंग होते. सहल हा आगबोट कंपनीचा नेहमीचा व्यवसाय व्हावा, त्यासाठी जहाजाची मांडणी बदलावी, खास जहाज बांधावे आणि प्रवाशाच्या लहानसहान गैरसोयीचाही विचार व्हावा, हे बालीन यांचे कर्तृत्व.

त्यांची सुरुवात मात्र सुखवस्तू प्रवाशांच्या सहवासात झाली नव्हती. १५ ऑगस्ट १८५७ रोजी हॅम्बुर्गमध्ये एका बेताच्या परिस्थितीतील ज्यू कुटुंबात ते जन्मले. भावंडांत त्यांचा क्रमांक तेरावा. वडील सॅम्युएल योसेफ बालीन मूळचे डेन्मार्कचे. ‘मॉरिस अँड कंपनी’ नावाच्या एका छोट्या एजन्सीत ते भागीदार होते. युरोप सोडून अमेरिकेला जाणाऱ्या गोरगरिबांना तिकिटे विकायची, त्यांना हॅम्बुर्गहून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर धाडायचे, तिथून रेल्वेने लिव्हरपूलला आणि तिथून मोठ्या आगबोटीने न्यूयॉर्कला, असा तो आडवळणाचा धंदा होता. १८७४ मध्ये वडील वारले, तेव्हा आल्बर्ट १७ वर्षांचे होते. शिक्षण जेमतेम, घरात पैसा नाही आणि हाती आलेला व्यवसायही डबघाईला आलेला. तरुण बालीन यांनी तो नेटाने सावरला. इंग्रजी उत्तम आत्मसात केली, इंग्लंडमधील कंपन्यांशी संबंध जोडले आणि काही वर्षांतच या एजन्सीला बंदरात वजन प्राप्त करून दिले.

या काळात त्यांच्या कचेरीत येणारा माणूस म्हणजे बोचकी, मुलेबाळे आणि भीती घेऊन आलेला देशांतरित. पूर्व युरोपातील खेड्यांतून आलेल्या या माणसाला जहाजावर तळडेकच्या वर्गात कोंबले जाई. जिकडे बघावे तिकडे एकावर एक लाकडी फळ्या, उजेड अपुरा, हवा कोंडलेली. वरच्या डेकवर मोकळेपणी फिरण्याचा हक्क केबिनच्या उतारूंचा. तळडेकच्या लोकांना जाळीपलीकडचा एखादा कोपरा मिळाला तर मिळाला.

१८८१ मध्ये बालीन यांनी एडवर्ड कार या हॅम्बुर्गच्या जहाजमालकाशी करार केला. कार यांच्या मालवाहू बोटींवर केवळ देशांतरितच न्यायचे, केबिनचा वर्ग ठेवायचाच नाही, असे ठरले. श्रीमंत उतारू नसल्यामुळे संपूर्ण डेक आपोआप गरिबांना खुला झाला. त्यांना उघड्या हवेत बसता येऊ लागले, मुलांना पळता येऊ लागले. तिकीटही स्वस्त होते. या बोटींकडे लोकांचा ओघ वळला. यात दयाबुद्धीपेक्षा व्यापारी हिशेब अधिक होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हिशेब करणाऱ्याला एक गोष्ट उमगली होती. माणूस गरीब असो वा श्रीमंत, समुद्रावर त्याला प्रथम जागा आणि हवा लागते. पुढे राजवाड्यासारखी जहाजे बांधताना बालीन यांनी हाच धडा निराळ्या थाटात गिरवला.

हॅम्बुर्गमधील प्रतिष्ठित कंपनी होती ‘हापाग’. १८४७ मध्ये स्थापन झालेल्या या हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीला कारच्या स्वस्त बोटींनी घाम फोडला. दरयुद्ध पेटले, भाडी कोसळली. अखेर १८८६ मध्ये हापागने तडजोड केली आणि ज्याने आपल्याला जेरीस आणले, त्यालाच आपल्या प्रवासी विभागाचा प्रमुख म्हणून नेमले. दोन वर्षांत बालीन संचालक मंडळावर गेले आणि १८९९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कंपनीचे सर्वेसर्वा झाले. अखिल जग हेच आपले कार्यक्षेत्र, असे कंपनीचे ब्रीद होते. बालीन यांनी ते अक्षरशः खरे करून दाखवले.

प्रवासी विभाग हाती येताच त्यांनी वेगवान, दोन पंख्यांच्या नव्या आगबोटी बांधण्याचा आग्रह धरला. १८८९ मध्ये सेवेत आलेली ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही त्यांतलीच. श्टेटिनच्या गोदीत बांधलेल्या या जहाजाला कैसर दुसरा विल्हेल्म याच्या पत्नीचे नाव दिले होते. गंमत अशी, की सम्राज्ञीचे खरे नाव ‘ऑगुस्टे’ असे होते. जहाजाच्या नावातील ही चूक पुढे १८९७ मध्ये दुरुस्त झाली. जहाज देखणे होते, आतली सजावट महालासारखी होती. पण एक अडचण दरवर्षी उभी राहू लागली. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक महासागर खवळलेला असे आणि प्रवाशांची संख्या रोडावे. एवढे खर्चिक जहाज धक्क्याला बांधून ठेवले तरी कर्जाचे व्याज, देखभाल आणि पगार चालूच. मग ते जहाज आणि उन्हासाठी आसुसलेले उत्तरेकडील धनिक यांची गाठ घालून दिली तर? बालीन यांचे सहकारी साशंक होते. आठ-आठ आठवडे माणसे जहाजावर कंटाळणार नाहीत काय, असा त्यांचा रास्त प्रश्न होता.

उत्तर त्या सफरीनेच दिले. साउथॅम्प्टन, जिब्राल्टर आणि जेनोआ करीत जहाज अलेक्झांड्रियाला पोहोचले. तिथून याफा, बैरूत, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स, माल्टा, नेपल्स आणि लिस्बन अशी मजल दरमजल करीत मार्चमध्ये ते माघारी आले. प्रत्येक बंदरावर आतल्या प्रदेशात फिरण्याची व्यवस्था आधीच लावलेली होती. प्रवाशाने सकाळी पिरॅमिड पाहायचे, जेरुसलेमच्या गल्ल्या हिंडायच्या आणि पुन्हा आपल्या ओळखीच्या खोलीत, आपल्याच अंथरुणावर येऊन निजायचे. सामान बांधा, हॉटेल शोधा, परक्या भाषेत घासाघीस करा, ही यातायात संपली. हॉटेलच प्रवाशाबरोबर गावोगाव फिरत होते. क्रूझच्या सुट्टीचे मर्म आजही हेच आहे.

या सफरीत सी. डब्ल्यू. आलर्स हे चित्रकारही होते. त्यांनी सहप्रवाशांची आणि बंदरांवरील दृश्यांची रेखाचित्रे काढली आणि त्याच वर्षी ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या पुस्तकाचे नाव मराठी माणसाला लगेच कळावे. ते होते ‘बक्षीस’! पूर्वेकडच्या प्रत्येक धक्क्यावर प्रवाशांच्या कानी पडलेला हा फारसी शब्द त्यांनी शीर्षकासाठी उचलला. सेवा आणि तिचा मोबदला हा विषय क्रूझला असा पहिल्या सफरीपासूनच चिकटलेला आहे.

प्रयोग यशस्वी झाला. पुढील वर्षांत हापागची जहाजे हिवाळ्यात भूमध्य समुद्रात व वेस्ट इंडीज बेटांकडे आणि उन्हाळ्यात नॉर्वेच्या खाड्यांकडे सहली नेऊ लागली. मात्र बालीन यांना नुसत्या यशाने समाधान नव्हते. अटलांटिकसाठी बांधलेले जहाज सहलीला अपुरे पडते, हे त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले होते. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर सात-आठ दिवसांत पोहोचवणाऱ्या बोटीत थंडीपासून बचाव महत्त्वाचा. सहलीच्या बोटीत मात्र मोकळे डेक, सावली, वारा आणि ऐसपैस खोल्या हव्यात.

बालीन यांची एक सवय त्यांच्या हाताखालच्या लोकांना चांगलीच परिचयाची होती. आपल्या कंपनीच्या जहाजांवरून ते वारंवार प्रवास करीत आणि बरोबर टिपणवही ठेवीत. या टिपणांत इंजिनाची अश्वशक्ती नसे. लोण्याच्या वाट्या फार लहान आहेत, भाजलेला पाव गरम राहावा म्हणून तो रुमालात गुंडाळून आणावा, भिंतीवरच्या सूचनांच्या पाट्या कमी कराव्यात आणि ज्या ठेवणे भाग आहे त्या तरी नीट चौकटीत बसवाव्यात, अशा स्वरूपाच्या त्या नोंदी असत. जगातील एक बलाढ्य उद्योगपती लोण्याच्या वाटीकडे लक्ष देतो, याचे कोणाला हसू येईल. परंतु भव्य दालनाचे कौतुक पहिल्या दिवशी होते आणि थंडगार पावाचा वैताग रोज सकाळी येतो, हे बालीन यांना ठाऊक होते. प्रवाशाची तक्रार कागदावर येण्याआधीच ती स्वतःच्या जिभेवर आणि पाठीवर अनुभवावी, असा त्यांचा शिरस्ता होता.

सुखसोयींचा हा विस्तार होत असताना तळडेकचा प्रवासी त्यांच्या नजरेआड झाला नव्हता. होऊ देणे परवडणारेही नव्हते, कारण कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा आधार तोच होता. १८९२ च्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याची भीषण साथ आली. सुमारे ८,६०० माणसे दगावली. एल्बेचे न गाळलेले पाणी नळांतून पुरवले जात होते, हे या संहाराचे खरे कारण. पण बोट दाखवले गेले ते रशियातून आलेल्या देशांतरितांकडे. अमेरिकेने निर्बंध कडक केले. आजारी ठरलेला उतारू परत आणण्याचा भुर्दंडही आगबोट कंपनीवरच पडत होता. हा धंदा टिकवायचा, तर प्रवाशाला निघण्यापूर्वीच निरोगी आणि स्वच्छ ठेवणे अपरिहार्य होते.

त्यातून हॅम्बुर्गच्या फेडेल बेटावर हापागची देशांतरितांसाठीची वसाहत उभी राहिली. १९०१ मध्ये ती सुरू झाली आणि पुढील विस्तारानंतर तिथे एका वेळी सुमारे ५,००० माणसांची सोय होऊ लागली. झोपण्याच्या स्वच्छ दालनांबरोबर स्नानगृहे, दवाखाना आणि भोजनगृहे होती. ज्यूंसाठी त्यांच्या धर्मनियमांनुसार चालणारे वेगळे स्वयंपाकघर आणि प्रार्थनास्थळ होते, ख्रिश्चनांसाठी चर्च होते, वाद्यवृंदासाठी मंडपही होता. कपड्यांचे निर्जंतुकीकरण आणि डॉक्टरी तपासणी मात्र सक्तीची होती. या वसाहतीला परोपकार म्हणावे की व्यापारी शहाणपण? बहुधा दोन्ही. मायदेशातून हाकलल्यासारख्या निघालेल्या माणसाला जहाजावर चढण्यापूर्वी गरम जेवण आणि अंथरूण मिळाले, हे तरी खरे.

दुसऱ्या टोकाला, २९ जून १९०० रोजी हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीतून ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे जहाज पाण्यात उतरले. खास सहलीसाठीच बांधलेले हे पहिले मोठे जहाज म्हणून ओळखले जाते. शुभ्र रंगाचे, राजेरजवाड्यांच्या नौकेसारखे निमुळते, केवळ १२० खोल्यांचे आणि सर्वच्या सर्व पहिल्या वर्गाचे. त्यावर ग्रंथालय होते, व्यायामशाळा होती आणि हौशी छायाचित्रकारांसाठी फोटो धुण्याची अंधारी खोलीसुद्धा होती! प्रवासी कॅमेरा घेऊन येणार आणि आपण टिपलेले चित्र पाहण्याची त्याला घाई असणार, हे ज्याला सुचले त्याची प्रवाशाच्या मनाशी किती जवळीक असेल! या जहाजाचा शेवट मात्र शोकांत झाला. १६ डिसेंबर १९०६ रोजी जमैकाच्या किनाऱ्यावर दीपगृह ओळखण्यात चूक होऊन ते खडकावर चढले. प्रवासी सर्व सुखरूप उतरले. कप्तानाने मात्र त्याच रात्री आपले जीवन संपवले.

शतकाच्या आरंभी आगबोट कंपन्यांत वेगाची चढाओढ शिगेला पोहोचली होती. हापागनेही १९०० मध्ये ‘डॉइशलंड’ हे चार धुराड्यांचे जहाज आणून अटलांटिक सर्वांत जलद ओलांडण्याचा मान पटकावला. पण त्या वेगाची किंमत प्रवाशांच्या हाडांना मोजावी लागली. प्रचंड इंजिनांमुळे जहाज सतत थरथरत असे. टेबलावरची भांडी किणकिणत, रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. बालीन यांनी यातून निर्णायक धडा घेतला. एक दिवस आधी पोहोचण्यापेक्षा सहा दिवस शांत झोप लागणे प्रवाशाला अधिक मोलाचे वाटते. वेगाची शर्यत त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना सोडून दिली. त्याच ‘डॉइशलंड’चा वेग उतरवून पुढे १९११ पासून ते ‘व्हिक्टोरिया लुईझे’ या नावाने सहलीचे जहाज म्हणून वापरले गेले.

१९०५ मध्ये आलेले ‘अमेरिका’ हे जहाज या नव्या धोरणाचे फळ होते. त्यावर विजेवर चालणारी लिफ्ट होती. आतील रचना शार्ल मेवेस या वास्तुतज्ज्ञाने केली होती. हॉटेलच्या धंद्यातला राजा म्हणून ज्याची ख्याती होती, त्या सेझार रिट्झच्या परंपरेतील स्वतंत्र उपाहारगृहही तिथे होते. तोवर जहाजावर ठरलेल्या वेळी घंटा व्हायची आणि लांबलचक टेबलावर पुढ्यात येईल ते खायचे, अशी वसतिगृहासारखी पद्धत होती. आता प्रवासी आपल्या सवडीने यावा, आपल्या माणसांसोबत लहान टेबलावर बसावा आणि यादी पाहून मनाजोगता पदार्थ मागवावा, अशी सोय झाली. तिचे पैसे वेगळे पडत, तरीही ती लोकप्रिय ठरली. पुढे १९०९ मध्ये हापागचे ‘क्लीव्हलंड’ हे जहाज सुमारे ६५० अमेरिकन सहलकऱ्यांना घेऊन न्यूयॉर्कहून पूर्वेकडे निघाले आणि भारत, जपान करीत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. बालीन यांच्या कल्पनेतील फिरते हॉटेल असे आपल्या किनाऱ्यापर्यंतही येऊन गेले.

१९१३ च्या सुमारास हापाग ही जगातील सर्वांत मोठी आगबोट कंपनी झाली होती. त्या वर्षी ‘इम्पेराटोर’ हे ५२,००० टनांचे जहाज सेवेत आले. त्याचे जलावतरण २३ मे १९१२ रोजी, ‘टायटॅनिक’ बुडून जेमतेम पाच आठवडे झाले असताना पार पडले होते. साहजिकच प्रत्येकाला पुरतील एवढ्या जीवनौका त्यावर बसवण्यात आल्या. प्राचीन रोमन धर्तीचा पोहण्याचा तलाव होता, संगमरवरी स्नानगृहे होती, नाळेवर कांस्याचा अवाढव्य गरुड होता. एवढा डामडौल जहाजाला झेपला नाही. वरचा भाग जड होऊन ते प्रमाणाबाहेर झुकू लागले. अखेर वरचे संगमरवर काढून तळाशी सिमेंटचे वजन भरावे लागले. गरुडाचे पंखही एका वादळात मोडले. सुखसोयींनाही एक तोल असतो, हे समुद्राने बालीन यांना असे दाखवून दिले. राष्ट्रांच्या ऐश्वर्यालाही तोच नियम लागू आहे, हे युरोपला कळायला अजून एक वर्ष अवकाश होता.

या काळात बालीन यांच्या घरी प्रत्यक्ष कैसर जेवायला येत असे. सम्राटाच्या या येण्याजाण्यामुळे त्यांच्या हॅम्बुर्गमधील निवासस्थानाला लोक कौतुकाने आणि थोड्या कुत्सितपणाने ‘छोटे पॉट्सडॅम’ म्हणत. पण दरबाराची दारे त्यांना कधीच पूर्णपणे उघडली नाहीत. प्रशियन सरदारांच्या लेखी ते ज्यूच राहिले. त्यांची पत्नी मारियाने प्रोटेस्टंट होती. त्या काळी अनेकांनी प्रतिष्ठेसाठी बाप्तिस्मा घेतला. बालीन यांनी मात्र आपला धर्म सोडला नाही. लाखो उतारूंना घरच्यासारखे वाटावे म्हणून जो झिजला, तो स्वतःच्या देशात आयुष्यभर पाहुण्यासारखा वावरला.

आपला सारा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे, याची त्यांना जाणीव होती. ती गोष्ट म्हणजे शांतता. समुद्र मोकळा असेल तरच प्रवासी येईल. सुरुवातीला जर्मन आरमाराच्या विस्ताराला त्यांनीही पाठिंबा दिला होता. व्यापाराच्या पाठीशी युद्धनौका हव्यात, हा तेव्हाचा सार्वत्रिक समज त्यांचाही होता. ब्रिटनबरोबरची ही स्पर्धा कुठे नेणार हे दिसू लागल्यावर ते सावध झाले. लंडनमधील सर अर्नेस्ट कॅसल या धनकोच्या साहाय्याने त्यांनी दोन्ही सरकारांना एकत्र आणण्याचा यत्न केला. त्यातूनच फेब्रुवारी १९१२ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॉल्डेन बर्लिनला आले. बोलणी फिसकटली. जुलै १९१४ च्या अखेरच्या आठवड्यात, सर्बियाचा प्रश्न पेटलेला असताना, बालीन पुन्हा लंडनला गेले. चर्चिल यांच्यासह अनेक बड्या नेत्यांना भेटले. ब्रिटन युद्धात पडणार नाही अशी काहीशी आशा घेऊन ते परतले. काही दिवसांतच ती खोटी ठरली.

युद्ध सुरू झाले आणि हापागची जहाजे जगभरच्या बंदरांत अडकून पडली किंवा शत्रूच्या हाती गेली. ‘फाटरलंड’ हे नवेकोरे जहाज न्यूयॉर्कला अडकले आणि १९१७ मध्ये अमेरिकेने ते ताब्यात घेऊन त्यावरून सैनिक पाठवले. बालीन यांनी देशासाठी अन्नधान्य मिळवण्याच्या कामात स्वतःला गुंतवून घेतले. अनिर्बंध पाणबुडी युद्धाला त्यांचा विरोध होता, कारण त्यामुळे अमेरिका युद्धात ओढली जाईल हे त्यांना दिसत होते. सप्टेंबर १९१८ मध्ये कैसरला वस्तुस्थिती सांगण्याची कामगिरी त्यांच्यावर आली. भेट झाली, परंतु सम्राटाभोवतीच्या मंडळींनी त्यांना मोकळेपणी बोलूच दिले नाही.

नोव्हेंबरच्या आरंभी कील बंदरात आरमारातील खलाशी आणि आगवाले यांनी बंड पुकारले. हरलेल्या युद्धात शेवटच्या मानापमानासाठी मरायला ते तयार नव्हते. जहाजाच्या पोटात, भट्टीच्या धगीत कोळसा ओढणारा आगवाला हा तोवर कोणालाच न दिसणारा माणूस होता. वरच्या डेकवरच्या प्रत्येक सुखाचे इंधन त्याच्याच घामातून येत असे. बालीन यांच्या बारकाईच्या टिपणवहीत लोण्याच्या वाटीला स्थान होते. या माणसाच्या वाट्याला मात्र त्या मानाने फारच थोडे आले. आता त्यानेच भट्ट्या विझवल्या आणि त्याबरोबर एक साम्राज्यही विझले. बंडाचे लोण हॅम्बुर्गला पोहोचले. क्रांतिकारकांची माणसे हापागच्या कचेरीत शिरली. चार वर्षांच्या ताणाने आणि निद्रानाशाने पोखरलेल्या बालीन यांनी औषधाची घातक मात्रा घेतली. त्यांनी ती जाणूनबुजून घेतली, असेच बहुतेक चरित्रकार मानतात. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी त्यांचा अंत झाला. कैसरच्या पदत्यागाची घोषणा झाली, तो हाच दिवस. तेव्हा ते ६१ वर्षांचे होते.

युद्धानंतरच्या तहात हापागचा ताफा विजेत्यांनी वाटून घेतला. ‘इम्पेराटोर’ ब्रिटनच्या क्युनार्ड कंपनीकडे जाऊन ‘बेरेंगारिया’ झाले, ‘फाटरलंड’चे ‘लेव्हायथन’ झाले. कंपनीने पुन्हा उभे राहताना एका नव्या जहाजाला ‘आल्बर्ट बालीन’ हे नाव दिले. नाझी राजवटीला एका ज्यूचे नाव समुद्रावर मिरवणे खपेना. १९३५ मध्ये ते ‘हान्सा’ करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये हॅम्बुर्गने आपल्या मध्यवर्ती रस्त्याला ‘बालीनडाम’ असे नाव देऊन ही चूक काही अंशी धुऊन काढली. २००७ मध्ये फेडेल बेटावरील देशांतरितांच्या वसाहतीच्या जागी ‘बालीनश्टाट’ हे संग्रहालय सुरू झाले. विशेष असे, की बालीन यांचे नाव आज सर्वाधिक नांदते ते पहिल्या वर्गाच्या एखाद्या महालात नव्हे, तर गरिबांच्या त्या सरायीत.

क्रूझ आज कितीतरी मोठी झाली आहे. ‘इम्पेराटोर’च्या चौपटीहून अधिक टनांची जहाजे समुद्रात फिरत आहेत. त्यांच्या खोल्या झाडणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या आणि इंजिनावर राबणाऱ्या हातांत गोव्याचे आणि मुंबईचे असंख्य तरुण आहेत. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहून ते परक्यांना घरचे सुख देतात. बालीन यांच्या आयुष्याकडे पाहताना दोन गोष्टी ध्यानात येतात. प्रवाशाचे सुख झुंबरात नसते, कोणीतरी आपली आठवण ठेवून आणलेल्या गरम पावात असते. आणि हे सुख कितीही चोख बांधले, तरी ते तरंगते दुसऱ्यांच्या श्रमांवर आणि शांत समुद्रावर. पुढच्या वेळी क्रूझवरून परतल्यावर खोली, जेवण आणि सेवेचे गुण देताना, ती चादर घालणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का, एवढे स्वतःला विचारले तरी पुरे.